एकट्याला हाक नसते

सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यापासून थोडं वर, मुरमाड उतारावर एक तांडा आहे. तिथं दिवाळीच्या पाडव्याला सकाळी घरोघर मेलेल्यांना हाक मारतात. चुलीतले निखारे पुढं ओढतात, घरातला कर्ता पुरुष त्यांवर तूप आणि गोड भात घालतो आणि एकेकाचं नाव घेतो. याला धबुकार म्हणतात. तूप भडकलं की ज्याचं नाव घेतलं तो आला, जेवला आणि गेला. नाही भडकलं तर आणखी थोडं तूप घालतात. पाहुणा लांबून येत असेल तर वेळ लागणारच.

ही हाक ऐकायला दैना लिथुआनियाहून आली होती. तो देश कुठं आहे हे तांड्यात एकालाच ठाऊक होतं, आणि हाक त्यालाच मारायची होती.

रणजीत हा धनसिंग आणि रूपाबाईचा एकुलता मुलगा. वसमतकडं उसाचे ट्रक चालवायचा. तिथून एका एजंटाच्या ओळखीनं युरोपात मोठ्या गाड्या चालवायला गेला. धनसिंगला त्याचं फार नवल वाटलं नाही. "माझा आजा बैलावर मीठ लादून मुलूख फिरायचा," तो लोकांना सांगायचा. "ह्यो गाडीवर फ्रिज लादून फिरतो. धंदा तोच हाय, बैल तेवढा बदलला."

दैना त्या कंपनीच्या कचेरीत कामाला होती. कुठल्या ड्रायव्हरनं कुठला माल कुठं उतरवायचा, हे ती दिवसभर फोनवरून सांगायची. रणजीतचा आधी आवाज ओळखीचा झाला, मग माणूस. पाच वर्षं दोघं तिच्या घरात एकत्र राहिली. नांदेड-परभणीकडचे चार-दोन ड्रायव्हर घरी यायचे, त्यांच्याशी तो जी मराठी बोलायचा तीच ती शिकली. एका जानेवारीत पोलंडमधल्या एका ट्रकतळावर तो केबिनमध्ये झोपला आणि उठला नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरनं लिहिलं. चौतीस वर्षांचा होता.

इतक्या लांबून माणूस आणायचा कसा, हे तांड्यात कुणालाच उमगलं नाही. कंपनीच्या माणसानं फोन केला तेव्हा धनसिंग "तुमीच करा" एवढंच म्हणाला. केलं ते दैनानं. आमच्यात जाळतात, असं रणजीतनं तिला कधीतरी सांगितलं होतं, म्हणून तिनं जाळलं. मग त्याचे कपडे धुतले, इस्त्री केली, बॅग भरली आणि तांड्याच्या पत्त्यावर पाठवून दिली.

तिच्या देशात नोव्हेंबरच्या सुरुवातीला सगळे लोक कबरस्तानात जाऊन आपापल्या माणसांसाठी मेणबत्त्या लावतात. दैनाचा देवावरचा विश्वास कॉलेजात असतानाच उडाला होता, तरी मेणबत्ती लावायला ती दर वर्षी जायची. रणजीतची राख तिनं आपल्या आजीच्या शेजारी पुरली होती. सलग दोन वर्षं नोव्हेंबरात ती तिथं उभी राहिली. सगळीकडं दिवे लुकलुकत होते, लोक हळू आवाजात बोलत होते, आणि तिला मात्र माल भलत्याच गोदामात उतरवल्यासारखं वाटत होतं. जिथं त्याला कुणी ओळखत नाही, त्याच्या भाषेत कुणी बोलत नाही, तिथं तो येईल कशाला? रात्रीच्या लांब फेऱ्यांत फोनवर त्यानं तिला धबुकार सांगितला होता. "माझा बाप नाव घेतो आन् आग अशी उठती." ते तिच्या मनातून जाईना. मेल्यावर माणसाचं काहीच उरत नाही, की कुणी बरोबर हाक मारली तर तो वळून पाहतो, एवढं एक तिला कळून घ्यायचं होतं.

श्रावणात ती आली. "रणजीतच्या कंपनीतली" अशी तिनं ओळख सांगितली. रूपाबाईनं तिच्याकडं खूप वेळ पाहिलं आणि आत नेलं. ही कोण, हे रूपाबाईला विचारावं लागलं नाही. लेकानं फोनवर आईला एकदा सांगितलं होतं, की एक बाई आहे.

नाव ऐकल्यावर मात्र बायकांना राहवेना.

"दैना? असं नाव कुनी ठिवतं का लेकराचं?"

"आमच्याकडे गाण्याला म्हणतात," दैना म्हणाली.

"गाण्याला दैना म्हनतात तर रडण्याला काय म्हनत असतील, बाई?"

तिचं बोलणं ऐकून लोक आणखी हसायचे. औंढ्याला जाणाऱ्या बसमध्ये तिनं कंडक्टरला "काहून थांबून राहिली गाडी?" असं विचारलं, तेव्हा सगळी बस मागं वळली होती. ती धनसिंगला बापू म्हणायची आणि रूपाबाईला याडी, म्हणजे आई. रणजीत म्हणायचा तसं. रूपाबाईही त्या हाकेला वळायची.

पहिले काही आठवडे जो तो तिला आपापला देव दाखवायला नेत होता. गोरी बाई एवढ्या लांबून आली म्हणजे देवासाठीच आली असणार, यात कुणालाच शंका नव्हती. ती औंढ्याच्या देवळात गाभाऱ्यात वाकून उतरली. नरसीला एका एकादशीला भजनात दिवसभर बसली. टाळांच्या आवाजानं तिला बरं वाटलं, पण ते बरं वाटणं सगळ्यांचं होतं, तिचं एकटीचं नव्हतं. शेजारच्या म्हातारीनं तिच्या हातावर खडीसाखर ठेवून विचारलं, "काय मागितलं?" दैनानं सांगितलं, "अजून दिवाळी यायची आहे." म्हातारीला ते काही समजलं नाही.

रणजीतला कुठं ठेवलं, हे तिनं विचारलं तेव्हा रूपाबाई तिला तांड्यामागच्या उतारावर घेऊन गेली. पळसाच्या झाडाखाली दगडांची लहानशी रास होती.

"हितं हाय."

"काय आहे?"

"बॅगमंदला शर्ट. निळा. माणूस न्हवता, मंग शर्ट पुरला."

तो शर्ट दैनानं इस्त्री केलेला होता. कॉलर दोनदा केली होती, कारण कॉलर चुरगळली की तो चिडायचा. ती तिथं बसली. कपडा पुरतात हे तिला विचित्र वाटलं, पण इथली रीत असेल म्हणून ती गप्प राहिली. जाळणारे लोक पुरतात का, हा प्रश्न तिला त्या दिवशी सुचला नाही.

त्याचं उत्तर तिला दसऱ्याला मिळालं. रणजीतची बहीण पुजा वसमतहून माहेरी आली होती. दोघी अंगणात सोयाबीन पाखडत होत्या. दिवाळीला रणजीतचं नाव कितवं घेतील, असं दैनानं सहज विचारलं.

पुजाचं सूप थांबलं. "दादाचं नाव न्हाई घेत."

"काहून?"

"त्याचं लगीन न्हवतं झालं ना. आमच्यात लगीन झालेल्याला जाळतात आन् बिनलग्नाच्याला पुरतात. पुरलेल्याला हाक न्हाई मारत. त्याच्या मागं कुनी नसतं, त्याचं घर नसतं. हाक मारली तर त्यानं कुठल्या घरी यायचं?"

"तुमच्या घरी."

"हे बापूचं घर हाय. त्याचं न्हाई." पुजानं सूप पुन्हा हलवायला घेतलं. "एकट्याला हाक नसती, बाई. पहिल्यापून असंच हाय."

त्या संध्याकाळी दैना जेवली नाही. रूपाबाई भाकरी थापता थापता तिच्याकडं बघत होती. शेवटची भाकरी तव्यावरून उतरवून तिनं हात झटकले.

"पुजानं सांगितलं व्हय?"

"सांगितलं."

"मी त्याची माय हाय. दोन दिवाळ्या मी गोड भात शिजवला आन् त्याचं नाव न ऐकता उठले. तुला काय वाटलं, मला काही न्हाई वाटत?" ती जवळ सरकली. "धर्मसिंग नायकाला मी उद्या सांगते, की माझ्या लेकाची बायको आली हाय. त्यो समद्यांना बशिवल. तुला इचारतील. तू व्हय म्हन."

पुजाचं लग्न उरकलं की आपलं, असं रणजीत दर वर्षी म्हणायचा. मग पुजाचं लग्न पुढं जायचं आणि त्यांचंही; पुजाचं झालं ते तो गेल्यावर. तिला कधी घाई वाटली नव्हती. कागदावर काय लिहिलंय त्यानं काय फरक पडतो, असं तीच त्याला म्हणायची.

"याडी, पण आमचं—"

"पाच वर्सं एका चुलीवर खाल्लं का न्हाई तुमी?"

"खाल्लं."

"मंग व्हय म्हन. लई लांबड लावू नको."

दिवाळीला आठवडा राहिला असताना नायकाच्या ओट्यावर बैठक बसली. धर्मसिंग नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. माणसाला तो आधी बसायला जागा द्यायचा, मग विचारायचा. त्याच्या शेजारी पुनमचंद हा म्हातारा होता. त्याला कुणी बोलवत नसे आणि त्याच्यावाचून बैठक होतही नसे. धनसिंग एका कडेला पागोटं सारखं करत बसला होता. बायका भिंतीला टेकून होत्या आणि रूपाबाई दैनाला अगदी खेटून बसली होती.

"रणजीतचं काय म्हणणं हाय?" नायकानं सुरुवात केली.

"त्याचं काय म्हणणं असनार? त्यो तर गेला," पुनमचंद म्हणाला. "ह्या बाईला इचार. बाई, तुमचं गाव परभणीच्या अलीकडं का पलीकडं?"

"पलीकडं," दैना म्हणाली. लोक हसले.

"गप बसा जरा." नायक दैनाकडं वळला. "बाई, आमचं पोरगं तिकडं वारलं. तिकडं त्याचं काय केलं तुमी?"

"जाळलं."

हे धनसिंगलाही माहीत नव्हतं. 'तुमीच करा' म्हटल्यावर पुढं काय झालं, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"आन् राख?"

"पुरली. माझ्या आजीजवळ."

"घ्या," पुनमचंद म्हणाला. "त्या लोकांनी दोन्हीकून सोय करून ठिवली."

नायकानं हात वर केला. "आधी जाळलं. बराबर?"

"बराबर."

"मंग इचारायचं काय राहिलं?" नायकानं सगळ्यांकडं पाहिलं. "बिनलग्नाच्याला कोण जाळतंय? जाळलं म्हंजे लगीन झालेलं व्हतं. तिकडच्या लोकान्ला जे समजलं ते आपल्याला न्हाई समजलं. आपण इकडं त्याला एकटा धरून बसलो."

माना हलल्या. जगात कुठं माणसाला जाळायचं की पुरायचं याचा लग्नाशी काडीचा संबंध नसू शकतो, हे तिथं कुणाच्या मनातही आलं नाही. ज्यानं त्यानं आपल्या नियमाचं टोक धरलं आणि ते थेट लिथुआनियापर्यंत नेलं. दैनानं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात रूपाबाईचा हात तिच्या पाठीवर आला. रडणाऱ्या लेकराला थोपटावं तशी ती थोपटत राहिली, आणि दैनानं तोंड मिटलं.

ठरलं ते असं. अमावास्येच्या आत तो शर्ट उकरून काढायचा, बापानं त्याला अग्नी द्यायचा आणि पाडव्याला रणजीतचं नाव घ्यायचं.

त्या रात्री रूपाबाईनं दैनाला आपल्या ताटात जेवायला बसवलं. पुजाला फोन लावला, तेव्हा तिकडून पुजा पहिल्यांदाच "भाभी" म्हणाली आणि स्वतःच लाजली. तांड्यातल्या बायका येऊन तिच्या केसांना हात लावून गेल्या. आपण खोटं बोललो नाही, असं दैना स्वतःला सांगत होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. पण माल पोचला असं ड्रायव्हर सांगायचा आणि गोदामात तो नसायचा, असे फोन तिनं आयुष्यभर घेतले होते. न बोललेलं खोटं कसं ऐकू येतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिला वेगळीच धास्ती पडली. पाडव्याला आग उठली तरी ती कुणासाठी उठली? धनसिंग हाक मारणार तो बायको असलेल्या, घर असलेल्या रणजीतला. तसा रणजीत कधी झालाच नव्हता.

धनत्रयोदशीच्या सकाळी धनसिंग कुदळ घेऊन निघाला. बायका अशा ठिकाणी जात नाहीत. पण तो दाराशी थांबून म्हणाला, "हिला येऊ द्या. हिचा हक हाय." धर्मसिंग नायक आणि पुनमचंद बरोबर आले, पण ते अलीकडंच बांधावर बसले आणि तंबाखू मळू लागले. खालच्या बाजूला हळदीची पानं कमरेएवढी झाली होती. त्यापलीकडं धरणाचं पाणी होतं.

धनसिंगनं दगड एकेक करून बाजूला ठेवले आणि खणायला लागला. दैना मुरूम हातानं ओढत होती. मग धनसिंगनं कुदळ न थांबवता विचारलं, "तिकडं फेरे किती असतात?"

दैना मुरूम ओढत राहिली.

"आमच्यात सात. तिकडं कमी असतील. थंडी लई म्हंतात." तो स्वतःशीच हसल्यासारखा झाला. "त्याला पागोटं कुनी बांधलं? त्याला सोताला येत न्हवतं. लई डाव शिकवलं मी, पन त्याचं घसरायचं."

कुदळीला कापड लागलं. त्यानं कुदळ टाकली आणि हातानं माती बाजूला केली. शर्टाचा रंग गेला होता, पाठ कुजून जाळी झाली होती, पण कॉलर आणि बटणं शाबूत होती. तो शर्टाकडं पाहत उकिडवा बसला.

"एक इचारू का? बापाच्या जागी कुनी तरी उभं राहावंच लागतंय. माझ्या जागी कोन उभं व्हतं?"

दैनाजवळ उत्तर तयार होतं. तिचा एक मामा होता, उंच, मिशाळ. तो रणजीतच्या शेजारी उभा आहे, असं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. हे लग्न तिनं मनात कितीदा तरी लावलं होतं. ते वाक्य म्हातारा मरेपर्यंत जपून ठेवील, लोकांना सांगेल, हेही तिला दिसत होतं. पण मामाच्या नावाचा बाप, नसलेल्या लग्नाचा नवरा, असं सगळं त्या निखाऱ्यांवर घातल्यावर रणजीतसाठी जागा उरते कुठं? ती आली होती ते एकच खरं कळावं म्हणून.

"कुणी नव्हतं, बापू. आमचं लग्न झालं नाही."

धनसिंगनं मान वर केली नाही.

"करायचं होतं. पुजाचं झालं की करू, म्हणायचा."

"पुजाचं लगीन आमी दोन साल पुढं ढकललं," धनसिंग म्हणाला. "मनासारखं स्थळ मिळत न्हवतं म्हून." मग तो म्हणाला, "त्यो मला काही बोलला न्हाई."

त्यानं शर्टाची वळलेली बाही सरळ केली आणि हातानं माती पुन्हा आत लोटायला लागला. दैना मदतीला सरसावली, तेव्हा त्यानं मनगटानंच तिचा हात बाजूला केला. दगड होते तसे रचून तो उठला. बांधावरून नायकानं विचारलं, "काय झालं, धनसिंग? काडी पाहिजे का?"

"न्हाई. लगीन न्हवतं झालेलं. राहू द्या त्याला हितं."

नायक दैनाकडं पाहत राहिला. पुनमचंदनं मळलेली तंबाखू तशीच जमिनीवर झटकली.

रूपाबाईला घरी कुणी सांगायची गरज पडली नाही. जळलेल्या कपड्याचा वास न आणता परतलेला नवरा पाहून तिला समजलं. ती चुलीपाशी करंज्यांचं पीठ मळत होती.

"तुला तोंड बंद ठिवता येत न्हवतं?" ती दैनाला म्हणाली. आवाज चढला नव्हता.

"त्यांनी विचारलं, याडी."

"इचारलं तर इचारलं. मी शिकवलं व्हतं ना काय म्हनायचं?"

"खोटं सांगून हाक मारली असती, तर तो आला असता का?"

"आला असता." रूपाबाईनं पीठ परातीत आपटलं. "मायनं रांधलं, बापानं नाव घेतलं, की लेकरू येतंय. ते दारात उभं राहून खरं-खोटं इचारत न्हाई. तुला तुजं खरं पाहिजे व्हतं. मला लेकरू पाहिजे व्हतं."

हे दैनानं हिशेबात धरलंच नव्हतं. हाक ऐकू येईल की नाही, हा प्रश्न आपला एकटीचा आहे, असं समजून ती एवढ्या लांबून आली होती, आणि त्याचं उत्तरही तिनं एकटीनंच देऊन टाकलं होतं.

अमावास्येच्या संध्याकाळी तांड्यातल्या पोरी हातात दिवे घेऊन, गाणी म्हणत घरोघर दिवाळी मागत फिरल्या. पुजा आली होती. ती हसली, बोलली, दैनाला करंज्याही दिल्या. पण "भाभी" म्हणायचं मात्र तिनं सोडलं होतं. "बाई, खाऊन घ्या," म्हणाली.

पाडव्याला सकाळी धनसिंग धुतलेलं धोतर नेसून चुलीपुढं बसला. रूपाबाईनं निखारे ओढून दिले, तुपाची वाटी आणि गोड भात ठेवला आणि ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. दैना तिच्या मागं होती. धनसिंगनं खापरपणजोबाचं नाव घेतलं आणि तूप सोडलं. आग उठली. पणजोबा. आग उठली. आजा, ज्यानं बैलावर मीठ वाहिलं, त्याला जरा वेळ लागला. पुन्हा तूप घातलं तेव्हा ज्वाळ थेट वरपर्यंत गेली. मग बाप. बापाचं नाव घेऊन धनसिंगनं भात ठेवला, ज्वाळ उठली, बसली. त्याच्या हातात पळी तशीच होती. वाटीत तूप होतं.

त्यानं पळी वाटीत ठेवली आणि निखाऱ्यांभोवती पाणी फिरवलं.

"झालं?" रूपाबाईनं विचारलं.

"झालं."

तो उठून बाहेर गेला. निखाऱ्यांवर भाताची शितं करपत राहिली आणि घरभर तुपाचा धूर भरला. दैनानं त्या धुरात उभं राहून पाहिलं. रणजीतनं वर्णन केलं होतं तसंच सगळं होतं, तंतोतंत. फक्त तो कुठं नव्हता.

तिचा व्हिसा संपत आला होता. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पुजा सासरी निघाली, तिच्याच बसनं दैनाही निघाली. फाट्यावर सगळ्या बायका पुजाला पोचवायला आल्या. लेक निघाली की तांड्यातल्या बायका तिच्या गळ्यात पडून रडतात, आणि ते रडणं सुरात असतं, शब्दांत असतं. कोण कधी गेलं, कुणाची आठवण येते, कुणावाचून घर कसं सुनं झालं, हे सगळं त्यात येतं. रूपाबाईनं पुजाच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि सूर धरला. दुसरीनं पुजाला दुसऱ्या बाजूनं मिठी मारली. एकेक बाई येत गेली आणि तो घोळका वाढत गेला.

दैना बॅग घेऊन दोन हात अंतरावर उभी होती. गळ्यात पडायला तिच्याकडं कुणी आलं नाही. कुणी तिच्यावर रागावलंही नव्हतं. ती कुणाची लेक नव्हती, कुणाची सून नव्हती, आणि रडण्यातही नातं लागतं.

त्या सुरात एकाएकी तिला नाव ऐकू आलं. रूपाबाई रडत रडत म्हणत होती, की माझा रणजीत परक्या मुलखात निजला, त्याच्या उशाला कुणी नव्हतं. नाव दोनदा आलं. आवाज एवढा मोठा होता, की रस्त्यावरून जाणाऱ्या मोटरसायकलवाल्यानं वेग कमी केला. त्याच्या उशाला नसलेली बाई दोन हात अंतरावर उभी राहून ते ऐकत होती.

बस आली. रूपाबाईनं पदरानं डोळे पुसले, पुजाची पिशवी वर चढवली आणि उतरताना दैनाच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी दिली. "याडी," दैना म्हणाली. रूपाबाई वळली नाही. ती बायकांबरोबर रस्ता ओलांडून तांड्याच्या वाटेला लागली.

बस सुटली तेव्हा पुजाचे डोळे कोरडे झाले होते. तिनं पिशवीतून पेरू काढला, दातानं तोडला आणि अर्धा दैनाला दिला.

"याडीनं रणजीतचं नाव घेतलं ना?" दैनानं विचारलं.

"घेतलं की."

"नाव घेता येतं?"

"रडताना कुनाचंबी नाव घेता येतंय. त्याला कोन अडवनार?"

दैना हातातला पेरू तसाच धरून बसली. "मग त्यानं तो येतो का?"

पुजानं खरोखरच विचार केला. ती खालच्या हळदीच्या रानांकडं बघत राहिली.

"न्हाई, बाई," ती म्हणाली. "रडण्याला कुनी येत नसतंय. ते रडनाऱ्याचं असतं."